नकटी आणि एकशे शहाऐंशी अंगठे

१

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक मोटार तयार करा. घाई नको, एकेक भाग लावत जाऊ.

आधी चार चाकं ठेवा, लाकडी आऱ्यांची, पण बैलगाडीच्या चाकांहून कितीतरी पातळ. त्यांच्यावर सांगाडा ठेवा. लोखंडाचा नको, लाकडाचा ठेवा. हो, मोटारीचाच सांगाडा, आणि लाकडाचा. वर शेवाळी रंगाचं पत्र्याचं अंग बसवा, दोन बाकं आणि डोक्यावर कापडी छप्पर. आता पुढचा भाग. इथे सगळे चुकतात. तुम्ही पुढे पितळी चौकटीतली ती उभी जाळी लावलीत ना, वर लोट्याच्या झाकणासारखं बूच असलेली? ती काढून टाका. या मोटारीचं तोंड पडवीच्या छपरासारखं पुढे उतरत जायचं आणि संपायचं. नाक म्हणून काही नव्हतंच. म्हणून गावाने तिचं नाव ठेवलं नकटी.

आवाजही द्या तिला. सर्व्हिस मोटारी, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या मोटारी, खोकत यायच्या. नकटी यायची तेव्हा कुणीतरी मोठ्या सुपात तांदूळ पाखडतंय असं वाटायचं. आणि एक शेवटची गोष्ट. त्या काळी प्रत्येक मोटारीच्या कडेला आकड्याला पत्र्याची बादली टांगलेली असे. नकटीलाही आकडा होता, पण त्यावर तिच्या ड्रायव्हरची, भागोजीची छत्री असे.

आता डोळे उघडा. एवढ्यात मी तुम्हाला दोन ठिकाणी खूण करून दिली आहे. कुठे ते आठवत राहा.

नकटी अमेरिकेत जन्मलेली, फ्रँकलिन जातीची. मुंबईतल्या एका अमेरिकन इंजिनिअरने मायदेशी परत जाताना ती विकली. आमच्या खैरवण्याच्या हरिहरपंत डॉक्टरांनी ती घेतली आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही आणला. भागोजी गोरिवले मूळचा आमच्याच गावचा. मुंबईत गिरणीत म्हणून गेला आणि त्या साहेबाकडे मोटार शिकला. शनिवारी शाळा सुटली की भागोजी आम्हा पोरांना नदीच्या उतारापर्यंत फिरवून आणी. आमच्याकडचे रस्ते जांभ्या दगडाचे. सर्व्हिस मोटारीत बसलं की दात दातांवर आपटत. नकटी मात्र आपटत नसे, वाकत असे. लाकडाचं अंग ना तिचं. मी नंतर पुष्कळ मोटारींत बसलो, पण तसं कडेवर घेतल्यासारखं कुठल्याच मोटारीने नेलं नाही.

गोष्ट एकोणीसशे चौतीस सालची, चैत्रातली. संगमेश्वराहून रत्नागिरीला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. तिथली चौथीपर्यंतची शाळा बंद करायची असं वरून ठरत आलं होतं. पोरं कमी, तर नदीपलीकडच्या शाळेत जा म्हणे. पावसाळ्यात ती नदी ओलांडणं मोठ्या माणसांनाही जमत नसे. मुलींना तर घरातूनच सोडलं नसतं. म्हणून गावाने अर्ज केला. शाळेतल्या आमच्या सुमेधाबाईंनी तो लिहिला आणि एकशे शहाऐंशी माणसांनी खाली अंगठे उठवले. शनिवारी दुपारी दोनच्या आत तो रत्नागिरीच्या कचेरीत पोचायला हवा होता.

गुरुवारी बारा वाजता भागोजीने कचेरीतल्या कारकुनापुढे पत्र्याची लांब नळी ठेवली. कारकुनाने सुतळी सोडली, बूच काढलं, नळी उलटी केली.

टेबलावर जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं पडली. अर्ज नव्हता.

२

शुक्रवारी सकाळी गाव देवळापुढच्या सहाणेवर बसला. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी ठेवायचा दगडी ओटा. गावाचे निवाडेही तिथेच होत. डॉक्टर असते तर बरं झालं असतं, पण ते लेकीच्या बाळंतपणासाठी बोटीने दाभोळला गेले होते. पंचांच्या मध्यभागी गोपाळकृष्णपंत होते, गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. त्यांचे आंबे थेट मुंबईला जात.

आमच्या गावात रीत अशी की ज्याच्यावर आळ, त्याने पहिलं बोलायचं आणि मग गडग्याबाहेर, म्हणजे सहाणेभोवतीच्या दगडी कुंपणाबाहेर, जाऊन थांबायचं. साक्षीदार बोलतो ते त्याने ऐकायचं नाही. ऐकलं की उत्तर जुळवतो, असं जुनी माणसं म्हणत.

"भागोजी," पंतांनी विचारलं, "नळी तुझ्या हातात कधी आली?"

"काल सकाळी. रावजी गुरवानं देवळातनं आणून दिली. मी बसायच्या जागेजवळ ठेवली, मांडीला लागून."

"वाटेत कुठे थांबलास?"

"नाय."

"नीट आठव."

"आठवायला काय हाय त्यात? हितनं निघालो नि कचेरीपुढं उतरलो."

"बरं. बाहेर जा."

भागोजी गडग्याबाहेर जाऊन लेकीशेजारी उभा राहिला. त्याची राही अकरा वर्षांची, आमच्या शाळेत चौथीत.

मग पंतांचा मुकादम काशीराम उठला. हंगामात तो दर गुरुवारी सर्व्हिस मोटारीने आंब्यांच्या पेट्या घेऊन रत्नागिरीला जात असे. "वडाची चढण चढून वर गेलो," तो म्हणाला, "तर हिरीपाशी नकटी उभी. संगं नदीपलीकडचा कुणी काळ्या टोपीवाला. नळी त्याच्या हातात. मी डोळ्यांनी बगितलंय."

सहाणेवर माना हलल्या. वडाची चढण आणि वरची विहीर सगळ्यांच्या ओळखीची. रत्नागिरीला गेलेला प्रत्येक माणूस तिथे पाय मोकळे करायला उतरलेला. नदीपलीकडच्या गावाला आपली पोरं हवी आहेत, हेही सगळ्यांना माहीत.

भागोजीला आत बोलावलं. "वडापाशी मोटार थांबवून तू अर्ज परक्या गावाला दिलास," पंत म्हणाले. "साक्षीने ठरलं."

"थांबलो नाय."

"गाव तुझ्या वाइटावर नाही रे. देवापुढे नारळ ठेव, चुकलो म्हण, विषय संपला. नाहीतर आज दिवस मावळला की तू वाळीत. तुझ्या घरच्यांना गावची विहीर बंद, विस्तव बंद. तुझ्याशी बोलेल तोही बाहेर."

"भागोजी, ठेव बाबा नारळ," मागून कुणीतरी म्हणालं. "एका नारळानं काय जातंय?"

भागोजीने सावकाश सगळ्यांकडे पाहिलं. "देव इचारंल, हा कशाचा नारळ? तवा काय सांगू त्याला? जे केलं नाय त्याचा नारळ मी ठेवीत नाय. घाला वाळीत."

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," सुमेधाबाई म्हणाल्या.

सगळे वळले. बाई गडग्याच्या दारात उभ्या होत्या, छत्री मिटून हातात धरलेली.

"बाई, सहाणेवर बायकांनी बोलायची रीत नाही," पंत म्हणाले.

"अर्ज बाईने लिहिलेला चालला, पंत. तो हरवला तर विचारायलाही बाई चालेल. दिवस मावळायला अजून अवकाश आहे. तोवर मला कुणाशीही बोलता यावं."

पंत हसले. "बोला. शाळा तशीही बंदच होणार. तुम्हाला वेळच वेळ आहे."

३

सुमेधाबाईंचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस. आम्हाला गणित शिकवताना त्यांची एक सवय होती. उत्तर चुकलं की त्या ओरडत नसत. "कुठल्या पायरीवर पाय घसरला ते शोध," म्हणत.

त्या दुपारी त्यांनी स्वतःच्या वहीत पायऱ्या लिहिल्या. बुधवारी संध्याकाळी देवळात सर्वांसमोर त्यांनी स्वतः अर्ज नळीत घालून सुतळी बांधली. तोवर अर्ज होता. रात्रभर नळी देवापाशी. सकाळी ती भागोजीकडे. दुपारी आत वर्तमानपत्र. म्हणजे पाय घसरला तो एकतर देवळात, नाहीतर रस्त्यात.

भागोजीने नळी आणि ती दोन पानं जशीच्या तशी परत आणली होती. बाईंनी पानं उन्हात धरली. एका पानाची एक बाजू वाकडीतिकडी फाटलेली होती. कागदावर जागोजागी तपकिरी डाग होते, निखाऱ्याने भाजल्यासारखे, आणि त्या ठिकाणी कागद ताठ झाला होता. बाईंनी वास घेतला, पानं घडी करून पिशवीत ठेवली आणि देवळाची वाट धरली.

रावजी गुरव गाभाऱ्यापुढे केर काढत होता. बाईंना पाहून त्याने केरसुणी खाली टाकली.

"माज्यावर आळ घ्यायला आलात, बाई?"

"विचारायला आले. नळी रात्रभर इथे का ठेवली होती?"

"कौल लावायला. गावचं काम देवाला इचारल्याबिगर कसं करायचं? देवानं उजवा दिला. काम व्हनार म्हणाला." रावजीचा आवाज पडला. "आता लोक म्हणतात, रावजीचा कौलच खोटा."

"त्या संध्याकाळी देवळात आणखी कोण आलं?"

"कौल लागला नि सगळी घरला गेली. मग दिवेलागणीला काशीराम आला. पंतांच्या बागेतला पयला आंबा देवाला आणलान. दर वर्षाची रीत हाय ती."

"तुम्ही इथेच होतात?"

"देवापुढं ठिवायचा तर आंबा धुवायला नको? घागर घेऊन हिरीवर गेलो. मुद्दाम चांगला उपसा काडून पाणी आणलं."

"आणि ती टोपली?"

रावजीने कोपऱ्याकडे बोट केलं. "ती काय. एक देवापुढं ठिवला, बाकीचं पेंढ्यात हायत. पिकलं की परसाद वाटीन."

बाई टोपलीपाशी वाकल्या. पेंढा थोडा बाजूला केला, आत पाहिलं आणि होता तसा परत सारला.

"रावजी, संध्याकाळपर्यंत हिला कुणाला हात लावू देऊ नका. तुम्हीही लावू नका."

"का वो बाई?"

"देवाने उजवा दिला आहे ना? मग धीर धरा."

तिथून त्या पंतांच्या बागेत गेल्या. आंबे उतरवणं चालू होतं. पंतांच्या मांगराबाहेर, म्हणजे बागेतल्या कोठीबाहेर, पेंढ्यावर आंबे पसरले होते. आत जागा उरली नव्हती. आमच्या शाळेची इमारत बागेला लागूनच होती, चिरेबंदी, कौलारू, हवेशीर. आंबा अढीत घालायला तिच्यासारखी जागा गावात दुसरी नव्हती. आदल्या वर्षीच पंतांनी दोन महिने शाळा रिकामी करून मागितली होती आणि बाईंनी नाही म्हटलं होतं.

काशीराम आंबे उतरवायच्या झेल्याला सुतळी बांधत होता. बाईंनी वही उघडली.

"काशीराम, मला नीट समजून घ्यायचं आहे. नकटी उभी होती तेव्हा भागोजी कुठे होता?"

"हिरीवर. पाणी काडत."

"कशासाठी?"

काशीराम हसला. "बाई, तुमी बुकं वाचता, पण मोटारीतलं काय कळत नाय तुमाला. चढण चडली की मोटार तापते. पाणी पाजावं लागतं तिला. पुडनं वाफ येत व्हती फसाफसा. बूच काडताना हात भाजला भागोजीचा. मग फडकं गुंडाळलन नि काडलन."

"पाणी कशात काढलं?"

"मोटारीच्या कडंला टांगलेली असते ना बादली, तिच्यात. दोन बादल्या ओतल्यान. तवर काळ्या टोपीवाल्यानं नळी उचललीन."

बाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला. "शपथेवर सांगाल?"

"देवापुढं सांगितलंय की."

परत येताना बाईंची चाल मंदावली होती. देवळात जे पाहिलं ते एक सांगत होतं आणि काशीरामची साक्ष दुसरं. वाफ, फडकं, भाजलेला हात, दोन बादल्या. न पाहता इतकं बारीक कोण सांगेल?

डॉक्टरांच्या अंगणात राही नकटी पुसत होती. सकाळपासून कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दात आवळून ती तोच दरवाजा पुन्हा पुन्हा पुसत होती.

"राही, तुझ्यापासून लपवणार नाही," बाई म्हणाल्या. "साक्ष पक्की वाटते आहे." आणि त्यांनी वहीतलं सगळं वाचून दाखवलं.

वाफेपर्यंत राही ऐकत होती. मग तिच्या हातातलं फडकं थांबलं. बुचापर्यंत आलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला. दोन बादल्या ऐकल्यावर ती नकटीच्या पायरीवर बसली आणि पोट धरून हसली.

"अगो, वेड लागलं का तुला?"

"बाई," राही श्वास घेत म्हणाली, "काशीरामकाकाला म्हणावं, परत एकदा पाज पाणी. आमच्यासमोर पाज."

४

दिवस मावळायला दोन हात उरला असताना भागोजीने नकटी सहाणेपुढे आणून उभी केली. सगळा गाव जमला होता. गडग्यापलीकडे बायका दाटीवाटीने उभ्या होत्या.

सुमेधाबाईंनी काशीरामची साक्ष वहीतून वाचली. "यात काही बदलायचं आहे?"

"एक अक्षर नाय," काशीराम म्हणाला.

"मग एवढंच करा. भागोजीने जिथे पाणी ओतलं, तिथे तुम्ही ओता."

रावजीने देवळाच्या विहिरीची भरलेली बादली पुढे केली. काशीराम ऐटीत उठला. बादली घेऊन नकटीच्या पुढे गेला. इंजिनावरच्या झाकणावर डावा हात फिरवला, वरून खाली, खालून वर. हाताला काहीच लागलं नाही. तो उजवीकडे गेला, वाकून पाहिलं. डावीकडे आला. बादलीतलं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. छत्री टांगलेल्या आकड्याकडे त्याने क्षणभर पाहिलं.

"पुढं नसंल तर मागं बघ की," कुणीतरी म्हणालं आणि पोरं खिदळली.

तो मागे गेला. तिथे एक बूच होतं. त्याने घाईने ते फिरवायला घेतलं.

"त्यात पेट्रोल असतं, काका," राही म्हणाली.

मोठी माणसंही हसली. काशीरामने दुसरी फेरी सुरू केली तसं हसणं ओसरत गेलं. तिसऱ्या फेरीला सहाणेवर फक्त बादलीची कडी वाजत होती.

राही पुढे झाली. आमच्या गावात कधी कुठली पोर सहाणेच्या त्या बाजूला गेली नव्हती. तिने नकटीचं झाकण दोन्ही हातांनी उघडलं. "बघा कुणीपण. हिला पाण्याची टाकीच नाय. म्हणून तर नाक नाय. बाकीच्या मोटारींच्या पुढं जाळी असते ना, तिथं पाणी गार होतं. हिच्यात पंखा हाय मोठा, तो वारा फिरवतो. त्या वाऱ्यावर हिचं इंजिन गार होतं. तो सुपासारखा आवाज येतो तो त्याचाच. माज्या बानं चार वर्षांत हिला थेंब पाजला नाय. मग वडापाशी कोण पीत व्हतं?"

"म्हणजे ही कायमची निर्जळी?" रावजीने विचारलं. कुणी हसलं नाही.

कळलं ना, मुलांनो, खूण कुठे होती ते? नाक आणि बादली. काशीरामला वाटलं, मोटार म्हटली की विहिरीवर थांबणारच. आमच्याकडच्या कुणालाही तसंच वाटलं असतं, कारण सर्व्हिस मोटारीशिवाय आम्ही दुसरी मोटार चढणीवर पाहिलीच नव्हती. त्याने वडापाशी उभ्या राहणाऱ्या इतर सगळ्या मोटारी पाहिल्या होत्या आणि त्यांचं वर्णन नकटीला चिकटवलं.

"काशीराम खोटं बोलला," बाई म्हणाल्या. "आता का बोलला ते बघू. रावजी, टोपली."

रावजीने टोपली आणून सहाणेवर ठेवली. बाईंनी पेंढा आणि आंबे बाजूला केले. तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा होता, चिकाने डागाळलेला. बाईंनी पिशवीतून नळीतलं पान काढलं आणि दोन्ही फाटलेल्या कडा एकमेकींना लावल्या. दात दातांत बसावेत तशा त्या बसल्या. अर्ध्यात तुटलेली बातमी पुरी झाली.

"कोवळ्या आंब्याचा चीक कागद असा जाळतो, हे तुम्हाला मी शिकवायला नको. रावजी विहिरीवर गेले तेवढ्यात कुणीतरी नळीतला अर्ज काढला. नळी हलकी लागू नये म्हणून हाताशी होता तो कागद टोपलीतून ओढून आत कोंबला. त्या वेळी देवळात कोण होतं?"

सगळे काशीरामकडे पाहत होते. काशीराम पंतांकडे पाहत होता.

"मालक, तुमीच म्हणालात," तो हळूच बोलला, "कागदच तर हाय."

गोपाळकृष्णपंत उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज स्थिर होता. "हो. मी म्हणालो. शाळेत पोरं किती, तर बावीस. माझ्या बागेत राबणारी माणसं साठ. पेंढ्यावर उघड्यात पडलेला आंबा सडला तर त्यांच्या चुली कशावर पेटणार? बाईंच्या बाराखडीवर? मी गावाचंच बघितलं."

"मग गावाला विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "चोरायचं नव्हतं. तेही देवाच्या पायाशी येऊन."

पंतांनी उपरणं झटकलं. "अर्ज चुलीत गेला. उद्या शनिवार. आता काय करायचं ते करा." आणि ते गर्दीतून वाट काढत निघून गेले. कुणी त्यांना अडवलं नाही. कुणी त्यांच्यामागेही गेलं नाही.

एक म्हातारे पंच पुढे आले. "भागोजी, चुकलं आमचं. मनात ठेवू नको."

"ठेवीत नाय," भागोजी म्हणाला. "पण नारळ देवाचा राहिलाय. तो आता गावानं ठेवावा."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि घरी नारळ आणायला माणूस पाठवला.

५

बाई मात्र सहाणेच्या पायरीवर बसून होत्या. खरं बाहेर आलं होतं, पण अर्ज राख झाला होता. सोमवारी शाळेला कुलूप लागणार होतं आणि किल्ली पंतांकडे जाणार होती.

त्यांच्यासमोर कुणीतरी शाईचा डबा ठेवला. राही होती. शाळेतून पळत जाऊन कागद, बोरू आणि शाई घेऊन आली होती.

"एकदा केलं ते दोनदा येतं, बाई. तुमीच शुद्धलेखनाला सांगता."

बाईंनी दिवस मावळायच्या आत अर्ज पुन्हा लिहिला. पहिला अंगठा रावजीने उठवला, इतका दाबून की कागद फाटतो की काय असं वाटलं. मग भागोजी, मग पंच. मग गडग्यापलीकडून एक बाई आली, सरळ सहाणेवर चढली आणि हात पुढे केला. काशीरामची बायको हौसा.

"हौसा," काशीराम म्हणाला, "मालक काय म्हणतील?"

"मालकांची पोरगी मुंबईला शिकते. माजी गंगा हितं शिकंल." तिने अंगठा शाईत बुडवला.

दूरच्या वाड्यांवरची माणसं राहिली होती. शनिवारी उजाडताच भागोजीने नकटी काढली. पुढे तो, मागे बाई, राही आणि शाईचा डबा. मीही शेतातल्या वाटेने तिच्यामागे पळालो. प्रत्येक वाडीत नकटी थांबली, माणसं दारातून धावत आली, कुणाचा हात शेणाने भरलेला, कुणाचा पिठाने. आठ वाजता अंगठे मोजले. एकशे शहाऐंशीच्या जागी एकशे त्र्याण्णव झाले होते.

बाईंना शाळा उघडायची होती. त्या म्हणाल्या, आज शाळा बंद दिसली तर पंत म्हणतील बंदच पडली. म्हणून अर्ज राहीकडे दिला. या खेपेला नळी नव्हती. राहीने तो कापडात गुंडाळून मांडीवर धरला. वडाच्या चढणीवर सर्व्हिस मोटार पुढून वाफा सोडत उभी होती आणि क्लीनर बादली घेऊन विहिरीकडे पळत होता. नकटी तांदूळ पाखडत तिच्याशेजारून निघून गेली.

कचेरीत काय झालं ते भागोजीने आम्हाला नंतर सांगितलं. खोटं वाटत असेल तर शाळेच्या भिंतीवर चौकटीत लावलेली पोच अजून आहे, जाऊन बघा.

तोच कारकून होता. भागोजीला पाहून म्हणाला, "आज काय आणलंस? पुन्हा रद्दी?"

राहीने कापड सोडलं आणि अर्ज टेबलावर पसरला. कारकुनाने चष्मा लावला, पानं उलटली, मग आवक-वही पुढे ओढून तारीख लिहिली. "अर्ज आणणारं कोण?"

"मी," राही म्हणाली.

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग शाईची गादी तिच्यासमोर सरकवली. "उठव अंगठा इथे."

राहीने गादी उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. कारकुनाच्या दौतीत खोचलेला टाक घेतला, निब कडेला टेकवून जादा शाई निथळू दिली, आणि वहीत गोल, सुटं, एकही रेघ न चुकवता लिहिलं:

राही भागोजी गोरिवले, इयत्ता चौथी, मुक्काम खैरवणे.

मग टाक जागेवर ठेवून तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "आता पोच द्या."